एमजीबीचं नाक वर राहतंय, नव्या स्प्रिंगांनंतर पुढची हाइट कशी सेट करायची?

चौपाटी_६७

नमस्कार मंडळी, बरेच महिने नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा लिहितेय कारण खरंच अडकलेय. मामांची १९६९ ची एमजीबी रोडस्टर (ब्रिटिश उघडी स्पोर्ट्स कार), क्रोम बंपरवाली, गेली चार वर्षं माझ्याकडे आहे, गिरगावात आमच्या बिल्डिंगच्या कंपाउंडमध्येच उभी असते. पुढचं सस्पेन्शन पार बसलं होतं, गेटमधून बाहेर काढताना खालून घासायची, म्हणून इंग्लंडहून पुढच्या दोन नव्या स्प्रिंगा मागवल्या आणि सोबत व्ही८ टाइपचे मेटलास्टिक बुश (आर्मच्या सांध्यात बसतात ती रबरं). एका गॅरेजला बसवून घेतलं.

आता गाडी पुढून एवढी वर आलीये की बघवत नाही. चाकाच्या हबच्या मधोमधपासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत टेप लावला तर डावीकडे ३९१ मिमी, उजवीकडे ३७७. जुन्या स्प्रिंगांवर ३५२ आणि ३४९ होतं. म्हणजे वर तर आलीच आणि वर तिरकी पण झाली. तीन आठवडे झाले, दोनशे किमी फिरवली, "बसेल हळूहळू" म्हणाले होते ते काही बसलेलं नाही. आता गॅरेजवाले म्हणतात एक वेढा कापू, अर्ध्या तासाचं काम आहे. मला ते पटत नाहीये पण नाही का म्हणायचं तेही नीट सांगता येत नाही. कोणी केलंय का हे काम?

काळीपिवळी

ताई कापू देऊ नका. पहिलं तेच सांगतो, बाकी नंतर बोलू.

मी पस्तीस वर्षं पद्मिनीची कामं केली, बहुतेक टॅक्सीच. पद्मिनीला पण पुढे दोन आर्म आणि मधे कॉइल स्प्रिंग, तुमच्या गाडीचा शॉकअप लिव्हरवाला आहे आणि तोच वरचा आर्म आहे एवढाच मोठा फरक. वेढा कापला की स्प्रिंग नुसती आखूड होत नाही, कडक पण होते, कारण जेवढे वेढे कमी तेवढी ती कमी दबते. दुसरं म्हणजे स्प्रिंगचं टोक सपाट घासलेलं असतं ते जातं, मग कापलेलं टोक पॅनमध्ये (स्प्रिंग बसते ती खालची वाटी) एका जागेवर टेकतं आणि तिथेच तडा जातो. गॅस मारून बसवायची पण एक पद्धत होती, ती तर त्याहून वाईट, गरम झालेल्या जागेचं पाणी, म्हणजे पोलादाचा कस, उतरतं आणि सहा महिन्यांत गाडी परत खाली, ती पण एकाच बाजूला. टॅक्सीवाले घाईत असायचे, त्यांचा रोजचा धंदा बुडायचा म्हणून लोकांनी असली कामं करून दिली. तुम्हाला घाई नाही ना? मग नीट करू.

मुलुंड_चेकनाका

एवढा ताप घेण्यापेक्षा कॉइलओव्हर किट (शॉकअपवरच स्प्रिंग बसवलेली) मिळतं ना बाहेरून, लिव्हर शॉकअप काढून टाकायचा, हाइट पाहिजे तशी फिरवून सेट. एकदाच खर्च.

चौपाटी_६७

किट माहितीये दादा पण मामांनी गाडी जशी ठेवली तशीच ठेवायचीये मला. शॉकअप मूळचे आहेत आणि चांगले आहेत, तेल पण गळत नाही.

दादर_टीटी

काका म्हणतात ते शंभर टक्के. आता मला काही गोष्टी सांगा, कारण ह्यातली एक जरी चुकली तरी आपण भलत्याच आकड्यावर भांडत बसू:

मोजलं तेव्हा गाडी कुठे उभी होती, जमीन कशी आहे? टायरमधे हवा किती, दोन्हीकडे सारखी का? टाकीत पेट्रोल किती? जॅकवरून उतरवल्या उतरवल्या मोजलं की थोडी पुढेमागे ढकलून, दाबून मोजलं? मागच्या दोन चाकांची मापं कुठायत? आणि सगळ्यात महत्त्वाचं, ते मेटलास्टिक बुश टाइट केले तेव्हा चाकं लोंबकळत होती की गाडीचं वजन चाकांवर होतं?

चौपाटी_६७

जमीन म्हणजे आमचं कंपाउंड, लाद्या आहेत आणि सगळा उतार गटाराकडे. हवा सारखी होती. टाकी अर्धी. बाकी दाबून वगैरे काही केलं नाही, टेप लावला आणि लिहून घेतलं. मागे डावीकडे ३३६, उजवीकडे ३४३ (हे आत्ता खाली जाऊन बघून आले). बुशचं आठवतंय मला, मी तिथेच उभी होते, गाडी घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) होती, चाकं काढलेली, आणि तशीच सगळे नट कसले.

दादर_टीटी

मग तिथेच तुमचे निम्मे मिलीमीटर आहेत.

नीट सांगतो. मूळ एमजीबीला लोअर आर्मच्या आतल्या टोकाला साधे दोन तुकड्यांचे रबर बुश असतात. व्ही८ टाइपचा बुश अखंड असतो, त्याचं रबर आतल्या लोखंडी नळीला चिकटवलेलं असतं. नट कसला की ती नळी जागेवर जाम होते, मग आर्म वरखाली झाला की नळी फिरत नाही, रबर पिळलं जातं. आता चाक लोंबकळत असताना नट कसला तर रबराच्या दृष्टीने "सरळ" म्हणजे आर्म खाली असलेली स्थिती. गाडी जमिनीवर आली की चारही बुश कायम पिळलेले आणि ते आर्मला परत खाली ढकलत राहतात, म्हणजे गाडीला वर उचलतात. एक छोटी जास्तीची स्प्रिंगच झाली ती. शिवाय असे पिळलेले बुश वर्षभरात फाटतात. म्हणून नट ढिले करायचे, गाडी स्वतःच्या वजनावर बसवायची, मग त्या हाइटला टाइट करायचे.

पण ते करायच्या आधी जमीन. तुमचा उतार एकसारखा असेल तर हब ते मडगार्ड ह्या मापात फार फरक पडत नाही, गाडी अख्खी तिरकी उभी राहते एवढंच. लफडं होतं ते जमिनीला पीळ असेल तर, म्हणजे तीन चाकं एका पातळीत आणि चौथं गटाराजवळच्या खळग्यात. मग ते चाक खाली लोंबतं, त्याच्या शेजारचं दबलं जातं, आणि तुम्हाला वाटतं स्प्रिंगा कमीजास्त आहेत. तुमच्याकडे डावं पुढचं चाक गटाराच्या बाजूला आहे का?

चौपाटी_६७

हो!! अगदी तेच चाक.

दादर_टीटी

गवंड्याकडे असतो तो लेव्हल पाइप घ्या, पारदर्शक, दहाबारा मीटर, पाणी भरून आतले बुडबुडे घालवायचे. एक टोक एका चाकाजवळ पट्टीला धरायचं, दुसरं टोक दुसऱ्या चाकाजवळ, पाण्याची पातळी दोन्हीकडे एकच असते, तिथून खाली लादीपर्यंत मोजायचं. चारही जागा झाल्या की कमी असलेल्या चाकांखाली प्लायवूडचे तुकडे किंवा फरशी घालायची. लेझरबिझरची काही गरज नाही, मुंबईतल्या सगळ्या बिल्डिंगा ह्याच पाइपवर उभ्या राहिल्यात.

प्रत्येक चाकाखाली वर अजून दोन गुळगुळीत पत्रे ठेवा, मधे ग्रीस लावून. कारण गाडी दबते तेव्हा चाक थोडं बाहेर सरकायला बघतं आणि टायरची पकड त्याला सरकू देत नाही, मग गाडी पूर्ण बसतच नाही. ग्रीसवर सरकते. हँडब्रेक सोडून ठेवायचा, मागच्या चाकांना लाकडी ठोकळे लावून. मग पुढून दोनतीनदा दाबायची, हात काढायचा, आणि मोजायचं. तीन वेळा करा, आकडे जुळले तरच धरायचे.

वसईची_वाट

हा लेव्हल पाइप भारी आहे, मी माझ्या हेराल्डसाठी करून बघणार. मद्रासला बनलेली माझी हेराल्ड आणि ट्रायम्फ स्पिटफायर, दोघींचं पुढचं सस्पेन्शन एकाच घरातलं, तिथेही हेच सगळे प्रश्न येतात, शिवाय ट्रनियनला (चाक वळतं तो खालचा सांधा) तेल द्यायचं विसरलं तर वेगळंच रामायण.

चौपाटी_६७

शनिवारी दुपारभर हेच केलं. आमच्या इथे रिनोव्हेशनचं काम चालू आहे, तिथल्या मिस्त्रींनी पाइप दिला आणि स्वतः दुसरं टोक धरून बसले. डाव्या पुढच्या चाकाची जागा बाकी तिघांपेक्षा १६ मिमी खाली निघाली. तेवढं प्लायवूड घातलं, ग्रीसचे पत्रे ठेवले, दाबली, मोजली.

डावी ३८६, उजवी ३८०. १४ चा फरक होता तो ६ वर आला. स्प्रिंगला हातही लावला नाही आणि आठ मिमी गेले! मागे डावीकडे ३४०, उजवीकडे ३३९... थांबा, हे लिहिताना बघतेय, मागची पण बदलली.

दादर_टीटी

बदलणारच, पिळाचा भार चारही कोपऱ्यांवर वाटला जातो. आता बुश.

लेथवाला_कुर्ला

बुशचं काम पिटवर करा ताई, घोड्यांवर नको. पेट्रोल पंपाशेजारी जुनी सर्व्हिस स्टेशनं आहेत तिथे मिळतो पिट, तासाभराचे पैसे घेतात. चाकं जमिनीवर, माणूस खाली, पाना सहज पोचतो. पिट नाहीच मिळाला तर गाडी घोड्यांवर घेऊन स्प्रिंग पॅनखाली जॅक लावायचा आणि हब ते मडगार्ड माप जमिनीवरच्याएवढं येईपर्यंत उचलायचा, मग नट कसायचा. पण मला पिटच आवडतो.

आणि बाय द वे, पॅन काढायची वेळ आली तर लक्षात ठेवा, ती स्प्रिंग दाबलेली आहे. नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून बोल्ट काढायचे नाहीत. पॅनच्या दोन समोरासमोरच्या बोल्टच्या जागी लांब हायटेन्साइल स्टड घालायचे, बाकीचे बोल्ट काढायचे, आणि स्टडवरचे नट आलटून पालटून थोडे थोडे ढिले करत पॅन खाली आणायची. माझ्यासमोर एकाचं मनगट गेलंय. चेहरा कधी त्या रेषेत आणायचा नाही.

चौपाटी_६७

पिट मिळाला ग्रँट रोडला. नट ढिले करताना दुसऱ्याच नटाला आवाज आला, कट्ट करून, आणि गाडी दिसेल इतकी खाली आली. मग दाबून, पुढेमागे ढकलून परत कसले. घरी प्लायवूडवर:

डावी ३७५, उजवी ३७०.

अजून पाचचा फरक आहे, आणि अजून वर आहे असं मला वाटतं. पण आता किती खाली पाहिजे हेच कळत नाहीये.

मुलुंड_चेकनाका

३४० करा, भारी दिसेल. क्रोम बंपरवाली एमजीबी जितकी खाली तितकी सुंदर. रबर बंपरवाल्या १९७४ नंतर अमेरिकेतल्या नियमांसाठी साधारण इंचभर वर उचलल्या तेव्हापासूनच त्यांची शान गेली.

दादर_टीटी

दिसायला कबूल. पण ती मुंबईत चालवायचीये त्यांना.

आयआरसी ९९ ह्या रस्त्यांच्या मानकाच्या १९८८ च्या आवृत्तीप्रमाणे गोल स्पीडब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच हवा होता. एमजीबीचा व्हीलबेस २३११ मिमी, म्हणजे नियमातल्या स्पीडब्रेकरवर गाडी मधोमध आली तरी चारही चाकं त्याच्याच उतारावर असतात. गणित केलं तर शेंडा पोटाच्या फक्त चारेक सेंटीमीटर जवळ येतो. पण सोसायटीवाले बांधतात तो फूटभर रुंदीचा, तिथे चाकं दोन्हीकडे जमिनीवर आणि पूर्ण उंची पोटाखाली. ताई, तुमच्या गाडीचा सगळ्यात खालचा भाग कोणता आणि किती वर आहे?

चौपाटी_६७

सायलेन्सरचा पाइप, आत्ता ११८ मिमी, मी एकटी बसलेली असताना.

दादर_टीटी

मग तुम्हीच ठरवा. माझं मत ३६० च्या आसपास. तिथे मागच्यापेक्षा नाक वर राहतं असं वाटेल, पण पुढचं आणि मागचं मडगार्ड वेगळ्या कापाचं आहे, त्यांची मापं एकमेकांशी ताडायची नाहीत. दाराखालच्या सिलची रेघ बघा, ती जमिनीला समांतर किंवा पुढे जराशी झुकलेली हवी. आणि सिल गंजलेलं नाही ना ते पण चाचपून बघा, ह्या गाडीला चॅसी वेगळी नाही, सगळी ताकद सिलमध्ये, आणि आपली समुद्राची हवा पहिली तिथेच खाते. सिल वाकलं असेल तर ही सगळी मापं खोटी.

ज्यांच्याकडे टॉर्शन बार (पिळून स्प्रिंगचं काम करणारी सळई) आहेत त्यांचा हेवा वाटतो अशा वेळी. जुन्या पोर्शे ९११ ला पुढे एक स्क्रू फिरवला की झालं. एमजीबीला ह्यातलं काहीच नाही, स्प्रिंग हीच हाइट.

काळीपिवळी

ताई आधी हा पाचचा फरक पुढचा की मागचा ते शोधा. डावं पुढचं वर असतं तेव्हा पुष्कळदा चोर उजव्या मागच्या पाट्यात (लीफ स्प्रिंगमध्ये) बसलेला असतो, तो कोपरा बसला की समोरचा तिरका कोपरा वर येतो. स्टूलचा एक पाय आखूड असल्यासारखं.

सोपी ट्रायल आहे. पुढची चाकं पक्की अडवा. मागे डिफरन्शियलखाली बरोबर मधे जॅक लावून मागची चाकं जमिनीपासून बोटभर सुटतील एवढंच उचला, जास्त नाही, आणि गाडीखाली कोणी जायचं नाही. आता मागचा अॅक्सल एका टोकावर तोललेला आहे, तो बॉडीला डावीकडे उजवीकडे झुकवू शकत नाही. पुढे मोजा. जो फरक राहील तो पुढच्या स्प्रिंगांचा, जो गेला तो पाट्यांचा.

चौपाटी_६७

काका, फक्त २ राहिला!! म्हणजे ३ पाट्यांचा.

काळीपिवळी

बघा. पाटे उतरवून दोन्ही एकमेकांवर ठेवा, कमान सारखी आहे का डोळ्यालाच दिसेल. पाटेवाला कमान काढून देईल, पण दोन्ही एकत्रच द्यायचे, एकच कधी नाही.

लेथवाला_कुर्ला

आणि पुढच्या स्प्रिंगा माझ्या ओळखीच्या स्प्रिंगवाल्याकडे घेऊन या, त्याच्याकडे टेस्टिंगचा प्रेस आहे. एकच वजन दोघींवर टाकून लांबी बघायची. मोकळी लांबी मोजून काही कळत नाही, दबलेली असताना किती राहते ते महत्त्वाचं.

मला वाटतं त्या स्क्रॅग केलेल्या नाहीत. नवी स्प्रिंग बनली की तिला पार वेढ्याला वेढा टेकेपर्यंत चारपाच वेळा दाबतात, तेव्हा तिचा जो काय बसायचा तो बसून घेते आणि मग पुढे वर्षानुवर्षं तशीच राहते. हे केलं नसेल तर ती गाडीवर बसत राहते, वाट्टेल तशी, एक जास्त एक कमी. ह्यात कापणं नाही, गरम करणं नाही. आणि स्प्रिंग आर्मच्या साधारण मधे बसते म्हणून तिथला एक मिमी म्हणजे चाकाशी जवळपास दोन. हे उलट पण लागू, कोणी पुढे वायसर घालून हाइट वाढवायला सांगितलं तर पाच मिमीच्या वायसरने गाडी दहा वर येईल हे आधी समजून घ्या.

चौपाटी_६७

उशीर झाला लिहायला, मधे ऑफिसचं होतं आणि पाटे पंधरा दिवस अडकले.

स्प्रिंगा प्रेसवर एका वजनाला १ मिमीच्या फरकाने आल्या, म्हणजे चाकाशी २, जॅकच्या ट्रायलमध्ये निघाला तेवढाच. मला तो क्षण फार आवडला, कंपाउंडमध्ये टेप धरून काढलेला आकडा तिकडे मशीनवर निघतो म्हणजे आपण बरोबर मोजत होतो. मग पाच वेळा पूर्ण दाबल्या. पहिल्या दोन वेळेलाच दोघी उतरल्या, नंतर हलल्या नाहीत. डावी ५ मिमी, उजवी ४. आता एका वजनाला दोघी सारख्या.

पाट्यांमध्ये उजव्याची कमान खरंच कमी होती. दोन्हीची काढून घेतली, मधले घासलेले पट्टे पण बदलले.

बुश ह्या वेळी पिटवर, वजनावर, मी स्वतः कसले.

प्लायवूडवर डावी ३६३, उजवी ३६२. पाइप खाली ११३ मिमी. सिलची रेघ पुढे जराशी झुकलेली, जशी मामांच्या जुन्या फोटोत मरीन ड्राइव्हला उभी आहे तशी.

दादर_टीटी

वा! आता अलाइनमेंट. हाइट बदलली की टो (पुढची चाकं वरून बघताना आत की बाहेर वळलेली) बदलतो. एमजीबीला टो-इन इंचाचा सोळावा भाग ते बत्तिसाचे तीन, म्हणजे दीड ते सव्वादोन मिमी. कॅस्टर (चाक ज्या आसावर वळतं त्याचा मागचा कल) ७ अंश आणि कॅम्बर (चाकाचा वरून बाहेरचा कल) १ अंश पॉझिटिव्ह असतो पण ते दोन्ही अॅडजस्ट होत नाहीत, त्यामुळे अलाइनमेंटवाला मशीनवर लाल दिसलं म्हणून काही वाकवायला गेला तर थांबवा. फक्त टाय रॉड. आणि हेडलाइट खाली करून घ्या, नाक वर होतं तेव्हा कोणी सेट केले असतील तर.

चौपाटी_६७

टो केला, २ मिमी. आज पहाटे ईस्टर्न फ्रीवेवरून चेंबूरपर्यंत जाऊन आले. आधी पुढून एक तरंगल्यासारखं व्हायचं, पुलाच्या प्रत्येक जोडावर नाक उडायचं आणि स्टिअरिंग हलकं व्हायचं, मला वाटायचं जुनी गाडी आहे, असंच असणार. ते गेलं. हात सैल ठेवले तरी सरळ जाते. येताना गेटच्या उंबऱ्यावरून तिरकी न घेता सरळ आत घेतली, घासली नाही.

ते पाइप धरून बसलेले मिस्त्री खाली उभे होते, त्यांनी वाकून बघितलं आणि म्हणाले पातळीत आहे.

काळीपिवळी

५०० किमी झाले की परत त्याच फरशीवर, त्याच प्लायवूडवर मोजा ताई आणि इथे आकडे टाका. प्लायवूडच्या तुकड्यांवर कुठल्या चाकाचा कुठला ते लिहून ठेवा, पावसाळ्यात हरवतात.